वापरलेल्या मदरबोर्डवर ग्रीस थापलंय, खाऱ्या पाण्याच्या गावात ते कसं काढायचं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत आम्ही पोरांनी अभ्यासिका सुरू केली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, जो तो आपापली पुस्तकं घेऊन बसतो. ऑनलाइन सराव परीक्षांसाठी एक बरा संगणक पाहिजे म्हणून वर्गणी काढून वापरलेला मदरबोर्ड मागवला. झेड९७ चिपसेट, एलजीए ११५० सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा), डीडीआर३ रॅम. चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर आणि रॅमच्या दोन पट्ट्या आधीच मिळाल्या होत्या, म्हणून हाच बोर्ड परवडला.

विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं की बोर्ड ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायला, वापरलेला आहे आणि त्यावर संरक्षणासाठी ग्रीस आहे. पण एवढं असेल असं वाटलं नव्हतं. सॉकेटच्या भोवती, रॅमच्या खाचांमध्ये, ग्राफिक कार्डाच्या पहिल्या स्लॉटमध्ये आणि पाठीमागेसुद्धा पांढुरकं, अर्धवट पारदर्शक ग्रीस आहे. सॉकेटच्या पिनांमध्येही भरलेलं दिसतं.

हे कशाने काढू? पूर्ण काढायलाच पाहिजे का? आणि धुवायचं झालं तर पाणी कोणतं? आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, ताट वाळलं की त्यावर पांढरा थर दिसतो. सध्या हाताशी करोनाच्या वेळचा सॅनिटायझरचा कॅन, थोडं रॉकेल, पेट्रोल, टूथब्रश आणि मल्टीमीटर आहे. आठवड्यात अमरावतीला जाणं होणार आहे, तिथून काय आणायचं तेही सांगा. पोरांच्या वर्गणीचे पैसे आहेत, बोर्ड वाया जाऊन चालणार नाही.

थंडगार

मी पुण्यात हा छंद बरीच वर्षं केला, म्हणून ग्रीस का असतं ते आधी सांगतो. स्पर्धेत प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवून त्यात द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो उणे १९६ अंशांचा. सुका बर्फ वापरला तरी उणे ७८ च्या आसपास. इतक्या थंड भांड्याच्या आजूबाजूला हवेतली वाफ बर्फ होऊन बसते आणि सत्र संपलं की तिचं पाणी होतं. ते पाणी पिनांमध्ये शिरलं तर बोर्ड गेला. म्हणून पाण्याला जागाच उरू नये असं सगळं आधी भरून टाकतात. कोणी पेट्रोलियम जेली वापरतो, कोणी डायइलेक्ट्रिक ग्रीस, कोणी रबरासारखा थर फवारतो.

ही दोन्ही ग्रीस वीजवाहक नसतात. सॉकेटमधली पिन स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि प्रोसेसरच्या बुडावरच्या धातूच्या टिकलीला टेकताना मधलं ग्रीस बाजूला सारते. त्यामुळे बोर्ड आहे तसाही चालतो. माझा सल्ला, दिसतं तेवढं पुसा आणि चालवून पाहा. सॉकेटमध्ये हात घालण्याचा धोका ग्रीसपेक्षा मोठा आहे.

पऱ्हाटी

भौ, पेट्रोल हाय ना तुह्याकडे? आमच्या इकडे मोटरसायकलचा कार्बोरेटर पेट्रोलनं धुते, चकाचक निंगते. ब्रश घे, पेट्रोल मार, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मार. एका घंट्यात काम खतम. कायले अमरावतीले जातं?

चांदुरकर

पऱ्हाटी, थांब जरा. कार्बोरेटर अन् मदरबोर्ड एक नाही बाप्पा. मी पस्तीस वर्षांपासून रेडिओ, टीव्ही, आता इन्व्हर्टर दुरुस्त करतो. पंपावरच्या पेट्रोलात रंग असतो, इंजिनासाठी टाकलेली इतर द्रव्यं असतात. पेट्रोल उडून जातं, ते सगळं बोर्डावरच राहतं. रॉकेल तर उडतही नाही नीट, तेलकट पापुद्रा सोडतं आणि त्यावर धूळ बसते. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि पंपाचं तेलही हवेबरोबर येतं. एक घाण काढायची अन् दुसरी भरायची, असं होईल.

थंडगार भाऊ, तुमचं म्हणणं पुण्यात ठीक असेल. आमच्याकडे ग्रीस ठेवून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, बंद डब्याच्या आत त्याहून जास्त. ही जेली असेल तर ती पातळ होऊन वाहते आणि नाही तिथे जाते. दुसरं म्हणजे कापूस. वेचणी सुरू झाली की गावभर रुईची तूस उडते, जिनिंगजवळ तर विचारूच नका. पंखा ती ओढून घेतो, ग्रीसवर ती चिकटते, वर काळ्या मातीची बारीक धूळ. असा थर बसलेले इन्व्हर्टर मी उघडतो, त्यात हवा फिरायला जागाच उरलेली नसते. काढायचं तर पूर्णच काढा.

रसायनताई

मी अमरावतीला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पूर्णाकाठ, काहीही लावण्याआधी हे ग्रीस नेमकं कोणतं आहे ते ओळखा. सगळं पुढचं काम त्यावर ठरतं.

मोहरीएवढा गोळा दातकोरणीने उचलून स्टीलच्या चमच्यात ठेवा आणि चमचा गरम पाण्याच्या वाटीवर धरा. पेट्रोलियम जेली ३८ ते ६० अंशांच्या मध्ये कुठेतरी वितळते, पातळ तेल होऊन चमच्यात पसरते. डायइलेक्ट्रिक ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा सिलिकोनचं तेल, त्याला सिलिकाच्या अतिबारीक भुकटीने घट्ट केलेलं असतं. ते उकळत्या पाण्यावर धरलं तरी जसंच्या तसं राहतं. बोर्डावर दोन-तीन वेगळ्या ठिकाणचे नमुने घ्या, एकाच ठिकाणचा नको.

आता सॅनिटायझरबद्दल. तो कॅन कृपा करून बाजूला ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या सूत्राने करोनाकाळात सॅनिटायझर बनवले गेले, त्यात आयसोप्रोपिल अल्कोहोल ७५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के आणि ग्लिसरॉल १.४५ टक्के असतं, बाकी पाणी. ग्लिसरॉल हाताची त्वचा कोरडी पडू नये म्हणून घालतात. ते उडून जात नाही, चिकट राहतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. बोर्डावर नेमकं तेच नको आहे. जेलसारखा घट्ट सॅनिटायझर असेल तर त्यात आणखी घट्ट करणारी द्रव्यं असतात.

मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल मिळतं, तिथे सगळे त्याला 'आयपीए' म्हणतात. ते आणाच. पण एक लक्षात ठेवा, आयपीए ही दोन्ही ग्रीस विरघळवत नाही. जेली हा हायड्रोकार्बन आहे, तिला हायड्रोकार्बनच विरघळवतो. सिलिकोन ग्रीसचंही तसंच, अल्कोहोलने ते फक्त पसरतं. दोन्हींना चालेल असं द्रावक म्हणजे नॅफ्था. सिगरेट लायटरमध्ये भरायचं इंधन म्हणून छोट्या डबीत मिळतं. घड्याळ दुरुस्त करणारे यंत्र धुवायला व्हाइट पेट्रोल वापरतात, तेही याच जातीचं. ते मागे जवळपास काहीच ठेवत नाही. विकत घेतलं की काचेवर एक थेंब टाकून वाळू द्या. डाग राहिला तर ते वापरू नका.

पऱ्हाटी

ताई, रंगाच्या दुकानातलं थिनर चालन का? आन् टर्पेंटाइन?

रसायनताई

थिनर नाही. रंगाच्या दुकानातल्या एनसी थिनरमध्ये टोल्युइन, ॲसिटोन, एस्टर अशी मिश्रणं असतात. काही प्लास्टिक त्याने मऊ पडतात, बोर्डावरची छपाई आणि स्टिकर निघतात, श्वासालाही वाईट. खनिज टर्पेंटाइन ग्रीस काढतं, पण हळू उडतं आणि शेवटी किंचित तेलकटपणा ठेवू शकतं. शिवाय ज्या तापमानाला त्याच्या वाफा ठिणगीने पेटू शकतात ते साधारण ३५ ते ४० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे विदर्भातल्या दुपारी ते पेटायला तयारच असतं. नॅफ्था आणि आयपीए तर त्याहून कमी तापमानालाही पेटतात. म्हणून सगळं काम सकाळी, अंगणात, सावलीत. जवळ चूल, बिडी, फिरता टेबलफॅन, चालू असलेलं कोणतंही बटण नको.

आणि तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं समजू नका. कापड धूळ अडवतं, वाफ अडवत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकऱ्यांना विषबाधा झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. द्रावक कीटकनाशकाइतकं घातक नसलं तरी बंद खोलीत त्याची वाफ घेत बसणं योग्य नाही. हातमोजे नायट्राइलचे घ्या. साधे रबराचे नॅफ्थाने फुगतात.

पूर्णाकाठ

ताई, चमच्याचा प्रयोग केला. सॉकेटच्या भोवतीचं आणि पाठीमागचं ग्रीस लगेच वितळलं. रॅमच्या खाचांमधलं मात्र वितळलंच नाही, पाणी उकळलं तरी तसंच. म्हणजे दोन वेगळे प्रकार आहेत का?

थंडगार

अगदी शक्य आहे. मी स्वतः सॉकेटला जेली आणि स्लॉटला डायइलेक्ट्रिक ग्रीस वापरत आलो. तुमच्याकडच्या उन्हाचा आणि कापसाचा मुद्दा वाचला आणि पटला. माझा आधीचा सल्ला तुमच्या गावासाठी नाही. पण सॉकेटबद्दलची काळजी तशीच आहे. तिथे ब्रश, कापूस, कानकाडी काहीही नको. ११५० पिना आहेत, प्रत्येक वाकलेल्या स्प्रिंगसारखी आणि टोकाला आकड्यासारखी. एक धागा अडकला की पिन वाकते, आणि वाकलेली पिन सरळ करायला भिंग आणि बारीक सुई घेऊन बसावं लागतं.

सोल्डरवाला

वर्ध्याला मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. असे बोर्ड रोज येत नाहीत, पण पाण्यात पडलेले, तेलात माखलेले बरेच येतात. मी कसं करतो ते सविस्तर लिहितो.

सुरुवातीला सगळ्या बाजूंनी फोटो काढा. स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा बोर्डाचा ओळख क्रमांक) आणि अनुक्रमांक दिसेल असा एक वेगळा फोटो, कारण धुताना स्टिकर जातात. नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढून ठेवा. पॉवर सप्लाय जोडलेला नसावा. मग हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारे धातूचे ठोकळे, काढा. प्रोसेसरशेजारचा लांबट हीटसिंक पाठीमागून स्क्रूने धरलेला असतो, त्याखाली उष्णता पोचवणाऱ्या थर्मल पॅडची पट्टी असते. तिची जाडी मोजून लिहून ठेवा, कारण द्रावक लागलेली पट्टी परत वापरू नये आणि नवी आणताना अर्धा मिलिमीटर आणि दीड मिलिमीटर यांत फार फरक पडतो. पातळ पट्टी बसवली तर हीटसिंक खालच्या मॉस्फेटला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या, गरम होणाऱ्या भागांना) टेकतच नाही.

आता जेली. इथे द्रावकाआधी उष्णता वापरा. बोर्ड उलटा, थोडा तिरका, टिश्यूपेपरच्या जाड घडीवर दोन लाकडी ठोकळ्यांच्या आधाराने ठेवा, सॉकेट खाली. केस वाळवायचा ड्रायर कमी उष्णतेवर हातभर अंतरावरून फिरवा. जेली स्वतःहून टिश्यूवर गळते. सॉकेटमधली निम्म्याहून जास्त अशी हात न लावता निघते. हॉट एअर गन वापरू नका, ती सोल्डर वितळवायचं यंत्र आहे. आणि ड्रायर चालू असताना नॅफ्थाची डबी अंगणातसुद्धा उघडी नको. आधी ड्रायरचं काम पूर्ण करा, ड्रायर घरात नेऊन ठेवा, बोर्ड गार होऊ द्या, मग डबी उघडा.

सॉकेटमधला उरलेला भाग काचेच्या ड्रॉपरने धुवायचा. औषधाच्या दुकानातली सिरिंज चालते, पण तिचं रबर नॅफ्थाने फुगून अडकतं, म्हणून ड्रॉपर बरा. बोर्ड तिरका धरून वरच्या कडेने थेंब थेंब सोडा, खालच्या कडेला टिश्यू धरा, पिनांना स्पर्श नाही. टिश्यूवर तेलकट डाग पडायचा बंद झाला की मग त्याच पद्धतीने आयपीए. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा मिळतो, त्याची हवा पुरेशी आहे.

बाकीच्या बोर्डावर मऊ ब्रश नॅफ्थात बुडवून फिरवा आणि लगेच पुसून घ्या. पुसणं महत्त्वाचं. नुसतं ब्रशने फिरवत राहिलं तर ग्रीस पातळ होऊन सगळीकडे पसरतं आणि द्रावक उडालं की परत तिथेच बसतं. बोर्ड द्रावकात बुडवून ठेवू नका. गोल ॲल्युमिनियम कपॅसिटरच्या बुडाशी रबराचं बूच असतं, तेही फुगू शकतं.

यानंतर मी साबणाच्या पाण्याने धुतो. भांडी घासायचा द्रवसाबण, कोमट पाणी, मऊ ब्रश. सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण लावूनच.

चांदुरकर

इथे मी अडतो. पाण्याने धुवायचं मला मान्य नाही. पाणी अन् इलेक्ट्रॉनिक्स यांचं वैर मी आयुष्यभर पाहिलं आहे. पावसात भिजलेला स्टार्टर, पूर आलेल्या घरातला टीव्ही, सगळे हिरवे पडून येतात.

सोल्डरवाला

काका, तुम्ही पाहिलेलं खरंच आहे, पण ते हिरवेपण नुसत्या पाण्याने येत नाही. कारखान्यात सोल्डरिंगनंतर फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) काढायला बोर्ड धुतात, अनेक ठिकाणी क्षार काढलेल्या पाण्यानेच. जुन्या बोर्डावरचा छोटा गोल बझर आठवा. त्याच्या तोंडावर कागदी स्टिकर असायचं, 'धुतल्यावर काढा' असं इंग्रजीत छापलेलं. ते याचसाठी.

रसायनताई

दोघांचंही बरोबर आहे. शुद्ध पाणी बोर्डाचं फारसं काही बिघडवत नाही, त्यातले क्षार बिघडवतात. आणि पूर्णाकाठ ज्या भागात राहतात तो पूर्णेचा खारपाणपट्टा आहे, अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. तिथलं भूजलच खारं. ते पाणी बोर्डावर वाळलं की क्षार मागे राहतात. पुढे पावसाळ्यात हवेतली ओल त्यांना लागते, वीज चालू झाली की दोन जवळच्या तारांमध्ये रासायनिक क्रिया सुरू होते आणि तांबं खाल्लं जातं. काकांनी पाहिलेला हिरवा थर तो हाच. आज बोर्ड चालेल आणि आषाढात बंद पडेल, कारण सापडणार नाही.

तेव्हा बोअरचं पाणी बोर्डाला एकदाही लागू देऊ नका, पहिल्या धुण्यालासुद्धा. गावात आरओचे जार मिळतात ना? साबणाचं धुणं त्याने करा. शेवटचे दोन-तीन हात डिस्टिल्ड वॉटरने. आणि ते वाळायच्या आत वरून आयपीए, म्हणजे खाचांमध्ये अडकलेलं पाणी त्यात मिसळून बाहेर येईल.

पूर्णाकाठ

जार मिळतो ताई. डिस्टिल्ड वॉटर दर्यापूरला बॅटरीच्या दुकानात मिळेल.

चांदुरकर

तिथे नीट सांगून घेजो. बॅटरीच्या दुकानात पाण्याची बाटली असते अन् तशीच ॲसिडची कॅनही असते. काही ठिकाणी दोन्ही सुटं विकतात. सीलबंद बाटली, लेबल वाचून. सुटं नोको.

ताईंचं क्षाराचं पटलं. खारपाणपट्ट्यातल्या मोटरींच्या पेट्या मी पाहिल्या आहेत, टर्मिनल कसे खाल्ले जातात ते माहीत आहे. डिस्टिल्डने धुवायला माझी हरकत नाही.

पऱ्हाटी

मंग फवारणीचा पंप घ्यायचा ना, बारीक नोझलचा. डिस्टिल्ड पाणी भरायचं अन् सगळ्या खाचाइत मारायचं. लय मस्त धुवून निंगन.

सोल्डरवाला

कल्पना चांगली, पंप नको. कितीही धुतला तरी औषधाचा अंश टाकीत आणि नळीत राहतो, तो तुझ्या हातावर आणि बोर्डावर येईल. न्हाव्याच्या दुकानात असते तशी नवी स्प्रे बाटली घे, स्वस्त मिळते.

चांदुरकर

स्थिर विजेचं कोणीच बोललं नाही. सध्या हवा इतकी कोरडी आहे की खुर्चीतून उठलं तरी चटका बसतो. टेरिकॉटचा शर्ट, प्लास्टिकची खुर्ची, दोन्ही टाळजो. सुती कपडे घाल, लाकडी पाटावर काम कर. मनगटाचा पट्टा असेल तर चांगलं, पण तो ज्या अर्थिंगला जोडशील ते अर्थिंग खरं आहे का ते पाह्य. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंग फक्त नावाला राहते. खड्ड्यात आठवड्यातून बादलीभर पाणी घालत जा, त्याला बोअरचंच चालतं. तिथे खार फायद्याचा आहे.

जाणकार वायरमनकडून तपासून घे, स्वतः प्लगमध्ये वायरी घालून प्रयोग नोको. अभ्यासिकेत पोरं बसणार आहेत, संगणकाचा लोखंडी डबा त्यांच्या पायाला लागणार आहे. अर्थिंग बोर्डासाठी नाही, त्यांच्यासाठी.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे सल्ले छापून भिंतीवर लावले आहेत. सामान आणलं, काम केलं. कसं झालं ते लिहितो.

जेली ड्रायरने खरंच गळाली. टिश्यू बदलून बदलून धरले. सॉकेटमधली बाकीची नॅफ्थाने निघाली, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं, पिनांच्या ओळी तिरप्या उजेडात एकसारख्या चमकतात. रॅमच्या खाचा सगळ्यात चिवट निघाल्या. नॅफ्था घातल्यावर ग्रीस सैल होतं पण आत पांढरं धुरकट काहीतरी राहतं.

रसायनताई

ते पांढरं म्हणजे सिलिका. तेल विरघळलं, घट्ट करणारी भुकटी उरली. ती कशातच विरघळणार नाही, यांत्रिकपणेच काढावी लागेल. वीजवाहक नाही म्हणून शॉर्ट होणार नाही, पण संपर्क अडवू शकते.

सोल्डरवाला

एखादी बंद पडलेली डीडीआर३ पट्टी मिळव, कोणत्याही दुकानात फुकट देतील. तिच्या सोनेरी कडेवर चष्मा पुसायचं बारीक विणीचं कापड एकेरी ताणून, नॅफ्थाने ओलं करून, खाचेत अलगद वरखाली कर. जाड घडी घालू नको, आतल्या पट्ट्या फाकल्या तर नंतर सैल राहतात. कापड बदलत राहा. शेवटी आयपीएने तेच. चांगल्या पट्टीचा वापर या कामाला नको.

पूर्णाकाठ

तसंच केलं, कापडावर पांढरी रेघ यायची थांबेपर्यंत. मग जारच्या पाण्याने आणि साबणाने धुतला, डिस्टिल्ड, वरून आयपीए. आता घरात जाळीवर उभा ठेवला आहे, वर पंखा. उन्हात ठेवू का? बाहेर सगळं तासाभरात वाळतं.

सोल्डरवाला

घरातच राहू दे, बाहेर धूळ आहे. वरून कोरडा दिसला तरी चिपांच्या खाली आणि स्लॉटच्या बुडाशी ओल राहते. नेटवर्कच्या चौकोनी सॉकेटच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, तिथलं पाणी सगळ्यात उशिरा जातं. पूर्ण दोन दिवस दे.

चालू करण्याआधी मल्टीमीटर रोध मोजण्यावर ठेवून चोवीस पिनांच्या जोडणीवर ३.३, ५ आणि १२ व्होल्टच्या पिना ग्राउंडशी तपास. शून्याजवळ रोध दिसला तर थांब आणि इथे विचार. प्रोसेसरच्या कॉइलजवळ मोजलंस तर मात्र प्रोसेसर बसवलेला असताना रोध काही ओहम इतका कमीच दिसतो, मीटर बीपही देतो. तो बिघाड नाही, घाबरू नको.

पूर्णाकाठ

तिन्ही ठिकाणी रोध व्यवस्थित होता. प्रोसेसर, एक रॅम, बोर्डावरच्याच जोडणीला पडदा, एवढंच जोडून चालू केला. पडद्यावर बायोस (बोर्डाचा सुरुवातीचा सेटिंगचा पडदा) आलं! अभ्यासिकेतली पोरं खिडकीतून पाहत होती, मोठा ओरडा झाला.

एक अडचण उरली आहे. दुसऱ्या चॅनलच्या (प्रोसेसरपासून रॅमपर्यंतच्या दुसऱ्या मार्गाच्या) खाचेत रॅम टाकली की दिसत नाही. पट्टी चांगली आहे, पहिल्या खाचेत दोन्ही पट्ट्या चालतात.

थंडगार

दोन शक्यता. एक, त्या खाचेत सिलिका उरली आहे. दोन, सॉकेटमधली त्या चॅनलची एखादी पिन प्रोसेसरला टेकत नाही, कारण या पिढीत रॅमचा ताबा प्रोसेसरकडेच असतो. आधी सोपं पाहा, खाच परत साफ करा. तरी नाही झालं तर प्रोसेसर काढून त्याच्या टिकल्या आधी नॅफ्थाने, मग आयपीएने पुसा. तिथे जेलीचा पातळ थर लागून आला असेल. आणि कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी चॅनल गायब होतो, म्हणून तिरप्या जोडीने थोडे थोडे आवळा.

पूर्णाकाठ

खाचेतच होतं. एका टोकाला अजून पांढरं निघालं, आता दोन्ही पट्ट्या दिसतात. मेमरी तपासायचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, एकही चूक नाही. नवे थर्मल पॅड आले की हीटसिंक बसवून डबा बंद करतो.

थंडगार

उत्तम. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सराव परीक्षा ब्राउझरमध्येच द्यायच्या असतील तर लिनक्स मिंट टाका, मराठी टंकलेखनही त्यात येतं.

रसायनताई

उरलेला नॅफ्था घट्ट झाकणाच्या धातूच्या डबीत, उन्हापासून आणि पोरांपासून दूर ठेवा. वापरलेली कापडं आणि टिश्यू गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. मोकळ्या जागी पसरून पूर्ण वाळू द्या, मग कचऱ्यात. नालीत काही ओतू नका.

पऱ्हाटी

पूर्णाकाठ भौ, लय भारी काम केलं. माह्याकडे जुना म्युझिक ॲम्प्लिफायर हाय, त्याच्यातबी कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी, कडक असं काहीतरी थापलं हाय. तेबी ग्रीसच का? याच पद्धतीनं काढू?

चांदुरकर

ते ग्रीस नाही, मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद आहे. नवा असताना पिवळट असतो. वर्षानुवर्षं गरम होऊन तपकिरी झाला की वीज वाहायला लागतो आणि जवळच्या तारांचे पाय खातो. ते नॅफ्थानं निघणार नाही, लाकडी काडीनं हळूहळू खरवडावं लागतं. अन् ॲम्प्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही व्होल्टेज राहतं, ते उतरवल्याशिवाय हात घालजो नोको. वेगळा धागा काढ अन् फोटो टाक, तिथे सांगतो.